चौथं टोक

“काळा स्पंज कुठंय, माय?”

“ते व्हय? लय टणक हुतं. काढलं.”

बबिताच्या हातातल्या डबीत नखाएवढी चिप पिंजलेल्या लोकरीत रुतून बसली होती. कोकरू अशक्त जन्मलं की बबिताची माय अंबाबाई त्याला अशाच लोकरीत टोपलीत ठेवत असे.

“तूच म्हनलीस, बरफाहून थंड जागी न्यायलाव. आपल्याला झरीची थंडी सोसंना, ते तर इवलंसं.”

आदल्या संध्याकाळी बबिताने तेवढंच सांगितलं होतं. पुढचं समजावायचा तिला कंटाळा आला होता.

त्या चिपवर अतिसंवाहक धातूची चार टोकं एका सूक्ष्म ठिपक्यापाशी भेटत होती. निरपेक्ष शून्य तापमानाच्या जवळ नेलं की त्यांतून वीज विरोधाशिवाय वाहते. चार टोकं असली, तर मधल्या ठिपक्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या एकमेकींना अशा भिडू शकतात की त्या भेटीला एक पूर्णांक चिकटतो. लहानसहान धक्क्यांनी तो बदलत नाही. अशा टोपॉलॉजिकल अवस्थेची खूण हैदराबादला केलेल्या सगळ्या चिपांपैकी फक्त हिनेच दाखवली होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती पुन्हा दिसली, तर बबिताचं पाच वर्षांचं काम खरं ठरणार होतं. गाडी परभणीवरून जाते, म्हणून झरी गावी, घरी एक मुक्काम.

काळा स्पंज वीजवाहक होता; तो चारही टोकांना जोडून ठेवायचा, म्हणून एकट्या टोकावर वीज साचत नसे. माघाच्या कोरड्या हवेत लोकर नुसती घासली तरी ठिणगी उडते, आणि तेवढ्यानेही एखादं टोक जळू शकतं.

“बिघडलं का काई?”

“अजून माहीत न्हाई.”

ते खरं होतं. इथे तपासायला जाणं हाच दुसरा धोका होता. अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून बबिता अंगणातल्या ओल्या मोरीत अनवाणी उभी राहिली, लोखंडी नळाला एक हात लावून तिने चिप चिमट्याने उचलली आणि स्पंजात खोवली.

“देवाच्या पाया पडल्यावानी करायलीस की गं.”

“तसंच समज.”

पुण्याला चिप थंड व्हायला दोन दिवस गेले. तीन टोकांनी उत्तर दिलं. चौथ्याकडून काहीच आलं नाही. तीन टोकांच्या या सांध्यात ती अवस्था तयारच होत नाही.

“वाटेत काय झालं?” मार्गदर्शकांनी विचारलं.

“माझ्याकडून स्पंज निघाला,” बबिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा फोन आला. मागे मेंढरांचा आवाज होता.

“जगलं का गं तुजं ते?”

“तीन पाय चांगले हायत, माय. एक गेला.”

“मग चालंल की. आपली लंगडी दोनदा व्याली.”

“हे न्हाई चालत.”

“लोकरीनं का?” अंबाबाईने विचारलं.

“न्हाई. जुनंच झालं हुतं.”

“आन् दुसरं?”

“करावं लागंल. लय दिवस लागतेत.”

“लागू दे.” कुणा मेंढीला तिने हाकललं. “पुन्यांदा नेशील तवा इकडूनच जा. डबीला हात लावनार न्हाई मी.”

फोन ठेवून बबिताने चिप सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सोन्याच्या चार तारा जागेवर होत्या. चौथी जिथे टेकली होती, त्याच्या पुढे धातू वितळून काळा मणी झाला होता. त्याच्या शेजारी लोकरीचा एक केस आडवा पडला होता, सोन्याच्या तारांपेक्षाही जाड. तिने चिमटा उचलला, परत ठेवला, आणि तो केस तिथेच राहू दिला.