स्टुलावरचा माणूस

"तो बघ, बसलाय. दिसतोय ना तुला?" ह्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट टेकवलं.

मी डोळे बारीक केले. गोदामाचं फाटक, शेजारची पांढरी भिंत, पुढचा रस्ता. खिडकीतून आलेली तिरीप नेमकी काचेवर पडली होती. माणूस काही दिसेना.

"नीट बघ गं. भिंतीला टेकून बसलाय. पांढुरका."

खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम. रोज सकाळी हात जोडून तो नव्याने घेते. त्या दिवशी मात्र जड गेला.

"अहो, मला नाही दिसत कोणी."

ह्यांचा चेहरा पडला.

सुपरवायझर दाराशीच उभे होते. "काकू, आता तुम्हीच सांगा. आठवड्यात चौथ्यांदा काकांचा फोन, फाटकाशी माणूस बसलाय म्हणून. मी धावत जातो, तर तिथे चिटपाखरूही नसतं. पहारा करणाऱ्यालाच भास व्हायला लागले तर कसं व्हायचं? आज कॅमेरेवालीला बोलावलंय. यंत्र ठीक निघालं, तर काका, उद्यापासून घरी आराम करा."

चौदा वर्षं हे फाटकावर होते. गुडघे गेले तेव्हा ह्यांचं तिथलं स्टूल हललं, फाटकाला आपोआप उघडणारा दांडा बसला आणि ह्यांना आत पडद्यासमोर खुर्ची मिळाली. त्याला दोनच महिने झाले होते. डोळे तपासून घेतले, ते चांगले निघाले. म्हणजे बिघाड डोक्यातच, असं सगळे धरून चालले. खरं सांगायचं तर मीसुद्धा. डबा हे निमित्त होतं; मी आले होते ती हेच बघायला.

"काल तर साहेब चालत त्याच्या अंगातून आरपार गेले," हे पुटपुटले. "तो हललासुद्धा नाही."

"मला तर काही लागलं नाही बुवा!" सुपरवायझर म्हणाले, पण हसताना त्यांनी एकदा खांदा झटकला.

कॅमेरेवाली आली. पंचविशीची असेल, खांद्याला पिशवी, काखेत नव्या पडद्याचं खोकं. तिने कोणाला काही विचारलं नाही. खिडकीचा पडदा ओढला आणि पडद्यामागची कॅमेऱ्याची वायर उपटली. फाटक गेलं, रस्ता गेला. काच नुसती करडी उरली.

माणूस तिथेच होता.

खांदे, टोपी, मांडीवरचे हात. "अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं. सुपरवायझर पाऊलभर मागे सरले.

"भूतबित नाही हो," ती म्हणाली. "एकच चित्र वर्षानुवर्षं दाखवलं की ते पडद्यात बसतं. उजेड जास्त तिथे झीज जास्त. ही पांढरी भिंत बघा, कशी काळवंडलीये. पण तिच्यापुढे कोणीतरी गडद कपड्यांत रोज बसलेलं असणार. तेवढीच जागा झिजायची राहिली, म्हणून उजळ दिसते. उजेड कमी ठेवायचा, चित्र मधूनमधून बदलायचं, जेवताना चक्क बंद करायचा, मग असं होत नाही. पण माणूस उमटलेला मी पहिल्यांदाच बघतेय. माणसं हलतात ना! कोण बसायचं हो तिथे?"

सुपरवायझरांनी ह्यांच्या गडद निळ्या गणवेशाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"उद्या वेळेवर या, काका," ते हळूच म्हणाले आणि निघून गेले.

हे खुर्ची सरकवत काचेच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले.

"मी एवढा वाकून बसायचो?"

"सुरुवातीला नाही," मी म्हटलं.

नवा पडदा खोक्यातून बाहेर आला. जुन्याच्या बटणाकडे तिचा हात गेला.

"थांब जरा, पोरी."

ह्यांनी टोपी सारखी केली. दोन्ही हात मांडीवर ठेवले, पाठ खुर्चीला टेकवली आणि ताठ बसले. समोरचा मात्र होता तसाच वाकलेला.

"हं," हे म्हणाले. "कर आता बंद."