ओन्नोच्या खात्यावरचं दुसरं नाव

गेसिनेने इस्पितळाचा कागद बँकेच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट आपटलं.

"हे वाच. माझ्या सहीवर डॉक्टरांनी त्याचं डोकं उघडलं. डोकं! आणि तू म्हणतोस, त्याच्या धंद्याच्या खात्याला मला हात लावता येणार नाही?"

"यान्सेनबाई, डोकं वेगळं, खातं वेगळं," बँकेतला कारकून टाम्मे म्हणाला. "दवाखान्यात नवऱ्याच्या वतीने बायकोला ठरवता येतं, तसा कायदा आहे. पैशाच्या बाबतीत नाही. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे."

बोलताना त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या आईच्या घराच्या खिडक्या याच बाईंनी बसवल्या होत्या, आणि आता त्यांनाच नियम शिकवायची वेळ आली होती.

ओन्नोच्या मेंदूत रक्तस्राव होऊन नऊ दिवस झाले होते. डोळे उघडत होता, पण तोंडातून शब्द नव्हता. खिडक्या-दारं बनवायच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये चार सुतार होते आणि परवा तीस तारीख, पगाराचा दिवस. खात्यात पैसे नव्हते असंही नाही. भरपूर होते, म्हणून तर गेसिनेचा जास्त जळफळाट होत होता. चौघांपैकी दोघांना शेजारच्या गावातल्या कारखान्याने आधीच विचारून ठेवलं होतं. पगार चुकला की ते जाणार, आणि मग ओन्नो बरा होऊन घरी आला तरी वर्कशॉपला कुलूपच दिसणार. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आणि या सतरा वर्षांत प्रत्येक खिडकीचं दुसरं टोक गेसिनेनेच धरलं होतं. पण बँकेत तिचं नाव घालायचं निघालं की ओन्नोचं उत्तर ठरलेलं, "घालतो की पुढच्या आठवड्यात." तहान लागल्यावर विहीर खणायची, ही त्याची जुनीच खोड.

"कोर्टातून परवानगी आणली तर?"

"काही आठवडे जातील." टाम्मेने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला काही सांगता येत नाही, बाई. पण घरी जुने कागद असतील. फार जुने. तेवढे बघा."

कागद सापडला तो कपाटाच्या तळातल्या फायलीत. या खात्यातून पैसे काढायचा, भरायचा, देण्याघेण्याचा पूर्ण अधिकार: फ्राउके. ओन्नोची पहिली बायको. घटस्फोट झाला, पण बँकेतलं नाव कुणी खोडलंच नव्हतं.

गेसिने जमिनीवरच बसली. खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं, पण आधी अंगाचा तिळपापड झाला. राबायचं आपण, आणि किल्ली तिच्याकडे! मग भीती वाटली. बेकरीत फ्राउके दिसली की गेसिने रस्ता बदलायची. आता तिच्याच दारात पदर पसरायचा? पण तीस तारीख कुणासाठी थांबणार नव्हती.

फ्राउकेचं घर समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या पायथ्याशी होतं. तिने दार उघडलं, गेसिनेला आत घेतलं आणि चहा ठेवला. इकडे चहाच्या आधी कामाचं बोलत नाहीत, मग घराला आग का लागलेली असेना. कपातली खडीसाखर गरम चहाने तडकली, वरून साय सोडली, आणि पहिला कप दोघींनी गुपचूप संपवला.

"पगाराचं ना?" फ्राउकेने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"ओन्नो पडल्याचं ऐकलं तेव्हाच तारखा मोजल्या मी. उद्या तुझ्याकडे येणारच होते. पण तुझ्या दारात यायचं म्हणजे, तूच सांग!"

तिने खणातून लिफाफे काढले. दर चार वर्षांनी बँकेचं नवं कार्ड पोस्टाने येत होतं. चार लिफाफे बंद होते, एक फाडलेला.

"हा?" गेसिनेने विचारलं.

"माझं छप्पर गळत होतं तेव्हा उघडला." फ्राउके कपाकडे बघत म्हणाली. "कार्ड घेऊन बँकेच्या दारापर्यंत गेले. मग परत आले आणि छपराखाली बादली ठेवली."

गेसिनेने फाडलेला लिफाफा बंद लिफाफ्यांखाली सरकवला. आणि जे विचारायचं नाही असं ठरवून आली होती, तेच तोंडातून निघालं.

"त्याने तुझं नाव का ठेवलं?"

"तुमच्या लग्नाच्या वर्षी मीच त्याला म्हणाले, काढ बाबा माझं नाव. तर म्हणतो, 'मी आणि गेसिने एकाच गाडीतून हिंडतो. दोघंही कालव्यात गेलो तर पोरांचे पगार कोण देणार?' मी म्हटलं, अरे, पण तिचंही घाल की!"

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? घालतो की..."

"पुढच्या आठवड्यात!" दोघी एकदमच म्हणाल्या. गेसिने हसता हसता डोळे पुसू लागली. तिचा जीव भांड्यात पडला होता. पगारामुळे की त्या उत्तरामुळे, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दोघी एकत्र बँकेत शिरल्या तेव्हा टाम्मे उठूनच उभा राहिला. फ्राउकेने चार पगार भरले, प्रत्येक आकडा आधी गेसिनेला दाखवला, पावती तिच्या हातात दिली आणि बेकरीकडे निघून गेली.

सहा आठवड्यांनी टाम्मे फॉर्म घेऊन ओन्नोच्या इस्पितळातल्या खोलीत आला. ओन्नोला आता सगळं कळत होतं, फक्त शब्द एकेक करून यायचे आणि उजवा हात अजून उचलत नव्हता. गेसिनेचं नाव लिहून झालं.

"आणि जुनं नाव? इथे खूण केली की रद्द."

ओन्नोने चोरासारखं बायकोकडे पाहिलं.

"राहू दे," गेसिने म्हणाली.

"बाई, सांगणं माझं काम आहे. त्यांना सगळेच्या सगळे पैसे काढता येतील."

"सतरा वर्षं येतच होते की," गेसिने म्हणाली, आणि ओन्नोला डाव्या हाताने सही करता यावी म्हणून तिने दोन्ही तळव्यांनी कागद दाबून धरला.