बाथरूममध्ये घसरलेल्या बाई

सोळा वर्षं मी लोकांच्या हाडांचे फोटो काढतेय. माणूस कुठून आणि कसा पडला हे हाडं सांगतात. तोंड जे सांगतं ते बहुतेक वेळा घरच्यांनी वाटेत ठरवलेलं असतं.

म्हातारं माणूस बाथरूममध्ये घसरलं की खुबा मोडतो, नाहीतर हात टेकायला जाऊन मनगट. गच्चीवरून किंवा शिडीवरून पायांवर पडलेल्यांची तऱ्हा वेगळी. आधी टाचा फुटतात, मग तोच दणका वर चढतो आणि कमरेतला एखादा मणका चेपतो. हे मला झोपेतसुद्धा ओळखता येतं.

त्या दिवशी दुपारी एकाहत्तर वर्षांच्या एका बाईंना स्ट्रेचरवरून आणलं. पोरींच्या शाळेत चाळीस वर्षं कसरती शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना पीटीबाई म्हणत. सोबत सून. मागोमाग मुलगा कारखान्यातून धावत आला. तो तिथे सुरक्षा अधिकारी. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही भान नव्हतं.

"बाथरूममध्ये घसरल्या," सून म्हणाली.

मी खुब्याचा फोटो काढला. खुबा असा शाबूत, की माझाच काढून त्यांचा बसवून घ्यावा असं वाटलं.

"खुब्याचं काय घेऊन बसलीस, बाळ? टाचा बघ टाचा!" बाई कळवळल्या.

टाचा बघितल्या. दोन्ही बिस्किटासारख्या चुरलेल्या. मग कमरेचा फोटो काढला. वरचा पहिला मणका पुढून दबलेला. मी फोटो मुकाट्याने हाडांच्या डॉक्टरांपुढे ठेवले. ते तरुण आणि तिखट जिभेचे. त्यांनी फोटो पाहिले, बाईंकडे पाहिलं आणि विचारलं,

"आजी, तुमचं बाथरूम किती मजली आहे?"

बाई छताकडे बघायला लागल्या.

"घरी कोण होतं?"

"मी," सून म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की खोटं लगेच ओळखू आलं. डॉक्टरांनी मात्र उलटाच अर्थ लावला.

"या उंचावरून पडल्यात. नाहीतर कुणीतरी ढकललंय. मला पोलिसांना कळवावं लागेल."

मुलाने हेल्मेट आपटलं. "तू? माझ्या आईला?"

सुनेचे डोळे भरले. मला वाटलं, आता ही रडेल किंवा पळेल. तिने यातलं काहीच केलं नाही. नुसतं सासूकडे बघत राहिली.

"ए गाढवा!" स्ट्रेचरवरून आवाज आला. अख्खं मैदान गप्प करणारा असावा तसा. "माझ्या सुनेवर ओरडू नकोस. पाइपवरून पडले मी."

"कसला पाइप?"

"गॅलरीतला. पहिल्या मजल्यावरून खाली जातो तो."

"पाइपवर काय करत होतीस?"

"उतरत होते. दुसरं काय करतात पाइपवर?"

मग सगळं बाहेर आलं. महिन्यापूर्वी बाई जिन्यात अडखळल्या होत्या. तेव्हापासून सून आठला कामावर गेली की मुलगा नऊला घराला बाहेरून कुलूप लावून जायचा. आईच्या सुरक्षेसाठी! बाईंचा पत्त्यांचा डाव मात्र रोज एकला, मागच्या गल्लीतल्या निवृत्त कंपाउंडरच्या घरी. मग पाइप. उतरायचाच फक्त. तीनला सून येऊन दार उघडायची, तेव्हा वर जायला जिना होता. आज पाइपची पट्टी निसटली. खाली वाट बघत असलेल्या कंपाउंडरने सुनेला फोन केला आणि सासू-सुनेने मिळून बाथरूमचं निमित्त शोधून काढलं.

"गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर पडले," बाई म्हणाल्या. त्या दुखण्यातही त्यांना त्याचा अभिमान होता. "पोरींना तेच शिकवलं. डोकं फुटलं का? नाही ना?"

"टाचा फुटल्या," डॉक्टर म्हणाले.

"चाळीस वर्षांपूर्वी नसत्या फुटल्या."

मुलगा बायकोकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"हो." आता तिचा आवाज खणखणीत होता. "चपलेने पाय सटकायचा. रबरी तळव्याचे बूट मीच आणून दिले."

"मला का नाही सांगितलंस, आई?"

"सांगितलं होतं, मला डाव खेळायला जायचंय म्हणून. तू म्हणालास, टीव्ही बघ."

कारखान्यात शेकडो माणसांना हेल्मेट घालायला लावणारा तो माणूस, आई कुलूपबंद घरात दिवस कसा काढते हे एकदाही न विचारलेला, माझ्या खोलीतल्या स्टुलावर मटकन बसला. सुनेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मला ते बरोबरच वाटलं.

डॉक्टरांनी पोलिसांचा विषय सोडला आणि सुनेची माफी मागितली. बाईंना अकरा आठवडे पाय टेकायचे नाहीत, पाठीला पट्टा बांधायचा असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कारखान्यात जायच्या आधी वॉर्डात आला आणि आईच्या उशाशी घराची किल्ली ठेवून गेला.

त्या दुपारी एक वाजता मी वॉर्डात डोकावले, तर कंपाउंडर आणि दोन म्हातारे खुर्च्या ओढून बसलेले. बाई पाय उंच बांधून पडलेल्या, हातात तेरा पानं. नर्स ओरडत होती की इथे भेटायची वेळ चार ते सहा.

"हुकूम कशाचा?" बाईंनी विचारलं.