वाळवी मी आणली नव्हती

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. जेवणाचे नव्हे, अभ्यासाचेही नव्हे, कापड बेतायचे. शिवणकाम करणारी बाई ज्यावर कापड पसरते, खडूने रेघा मारते आणि मग कात्री चालवते, ते. माझे बोलणे आज जरा तिखट लागेल. लागू दे. माझ्यावर आला तसा आळ तुमच्यावर आला असता, तर तुमच्याही तोंडात साखर राहिली नसती.

मला एका सुताराने आपल्या बहिणीसाठी घडवले. लाकूड सागाचे, तेही गाभ्याचे. फक्त एका पायाला लाकूड कमी पडले, म्हणून त्याने कडेचा कच्चा भाग वापरला. त्या पायात भुंग्यांनी टाचणीएवढी भोके पाडली. सुताराने औषध भरले. भुंगे गेले, भोके राहिली.

ती बहीण वारल्यावर मी तिच्या मुलीकडे आले. तिला सगळे ताई म्हणतात. आईवडील लवकर गेले तेव्हा ताईचा धाकटा भाऊ शाळेत होता. ताईने माझ्यावर गणवेश बेतले, झगे बेतले, दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पांढरे डगले बेतले, आणि त्यावर भाऊ शिकला, नोकरीला लागला, त्याचे लग्न झाले. मागची खोली ताईची आणि माझी. गिऱ्हाइके माझ्यावर थाप मारून म्हणत, "टेबल असावं तर असं. घोडा उभा केला तरी हलायचं नाही." मला ते ऐकायला आवडे. कोणाला आवडणार नाही?

पुढे भावाने आपल्या झोपायच्या खोलीत भिंतभर कपाट करून घेतले. प्लायवूडचे, वरून आरशासारखे चकचकीत. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होते आणि नळ आतल्या आत गळत होता. ताई म्हणाली, "अरे, भिंतीला ओल आहे. आधी नळाचं बघ, मग कपाट लाव."

"तू कापड बघ गं, ताई. कपाटाचं मी बघतो."

झाले. ओल कपाटामागे झाकली गेली. आपण बघायचे सोडले म्हणून ओल काही सुकत नसते.

मग एके दिवशी मागच्या खोलीत, भिंतीच्या तळाशी, पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली. वाळवी. भाऊ आला, वाकला आणि थेट माझा पाय धरून म्हणाला, "ही बघ भोकं. इथूनच आलीय ती."

"ती भोकं भुंग्याची आहेत," ताई म्हणाली. "मी परकरी पोर होते तेव्हापासूनची. वाळवी जिथं जाते तिथं माती नेते. या पायाला कुठं माती दिसतेय तुला?"

"जुनं लाकूड आहे, लागणारच."

भावजय दारातच उभी होती. "ताई, राग मानू नका. पण या जुन्या सामानापायी सगळं घर पोखरलं जाईल. आणि तुम्ही तरी किती दिवस डोळे फोडणार? आता आराम करा."

आराम! केरसुणीने कचरा लोटावा तसा हा शब्द लोकांना बाहेर लोटायला वापरतात, हे मला त्या दिवशी कळले.

औषध मारणारा आला. त्याने मागच्या खोलीत भिंतीच्या कडेने भोके पाडून औषध सोडले. जाताना भावाच्या खोलीपाशी थांबून त्याने नाक वर केले. "कपाटाच्या मागं बघू का?"

"ते नवीन आहे," भाऊ म्हणाला.

"तुम्ही म्हणाल तसं." आणि तो गेला. ओलीचा वास त्याला आला होता. त्याने तो गिळला.

दोन हमालांनी मला उचलून परसात, पत्र्याखाली उघड्या मातीवर ठेवले. खोलीत व्यायामाची सायकल आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई टेप आणि कात्री घेऊन परसात आली आणि माझ्यापाशी उभी राहून कापू लागली. वाऱ्याने धूळ येई, पावसाची झड येई. डॉक्टरांच्या डगल्यावर चिखलाचे शिंतोडे पडले, ते काम तुटले. मग गणवेशाचेही तुटले. आणि मी? ओल्या मातीत चारही पाय रोवून उभे होते. वाळवी माझी सोयरी असती, तर तिने तिथे पंगतच मांडली असती. एकही फिरकली नाही. पण हे बघायला येतो कोण?

थंडी पडली तेव्हा भावजयीने कपाटाच्या खालच्या कप्प्यातून दुलया ओढल्या. परसाकडची खिडकी उघडी होती. तिचा आवाज आला, "अहो, इकडे या जरा."

तिचा हात कपाटाच्या पाठीतून आरपार गेला होता. पुढून चकचकीत, आतून नुसती माती. दुलयांतला कापूसही वाळवीने फस्त केला होता. भावाने तिथेच फळ्या उचकटायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत कपाटाचे तुकडे माझ्या शेजारी येऊन पडले.

मग तो ताईकडे आला. "झालं ते झालं, ताई. टेबल आत घेऊ."

ताईने कात्री रेघेच्या टोकापर्यंत नेली. "झालं नाही, तू केलंस. बोट टेबलाकडे दाखवत होतास, पण बघत होतास माझ्याकडे."

भावजय पुढे आली. तिचे हात अजून मातीने भरलेले होते. "माझंही चुकलं, ताई. आराम करा म्हणाले ते तुमच्यासाठी नव्हतं. मला खोली हवी होती."

"खरं बोललीस, बरं वाटलं," ताई म्हणाली. "आता आधी नळ. मग भिंत वाळू दे. मग त्या औषधवाल्याला बोलवा आणि सगळं घर बघायला लावा, या टेबलासकट. मगच हे आत येईल. आणि मागच्या खोलीत नाही. पुढच्या खिडकीपाशी. मला उजेड लागतो."

तसेच झाले. गणवेशाचे काम परत आले, डॉक्टरांचे आले नाही. पावसाने माझी एक कड फुगली आहे. तिथे कापड नीट बसत नाही, म्हणून ताई ते दुमडून घेते.

मित्रांनो, घरात ओल दिसली तर तिच्यापुढे कपाट लावू नका. मातीची रेघ दिसली तर ती कुठून निघाली ते शोधा, कुठे संपली ते बघून निवाडा करू नका. आणि घरातले जे जुने असेल, टेबल असो की माणूस, त्याच्यावर बोट रोखण्याआधी एकदा खाली वाकून नीट बघा.

पुढची खिडकी दाराला लागून, त्यामुळे आता मी जवळजवळ दारातच आहे. भावाला कामावर जाताना रोज माझ्याभोवती वळसा घालून जावे लागते. परवा तो म्हणाला, "थोडं सरकवू या का?"

"नको," ताई म्हणाली.