करवती काठाचा गोळा

मित्रांनो, मी जुना आहे, हे खरे. मी परदेशी आहे, ही मात्र शुद्ध थाप आहे.

मी आरशांचा गोळा आहे. नाचाच्या जागी छताला टांगतात, दिव्याच्या झोतात फिरतो आणि भिंतीभर उजेडाचे ठिपके उधळतो, तो. सध्या वर्धा रोडवरच्या एका क्लबात लटकतो आहे. माझ्या खाली एक पितळी पाटी ठोकली आहे आणि तिच्यावर लिहिले आहे की १९७७ साली मी न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबात फिरत होतो. अहो, न्यूयॉर्क राहू द्या, मी कधी इथून जवळच्या खाप्याची कन्हान नदीसुद्धा पाहिलेली नाही. माझा जन्म नागपूरच्या तांडापेठेत, एका कोष्ट्याच्या घरी, पालथ्या घातलेल्या माठावर झाला. मला तळपाय असते, तर ती पाटी वाचून त्यांची आग रोज मस्तकाला गेली असती.

शालिकराम माझा बाप आणि जनाबाई माझी आई. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर नागपुरी लुगडी विणली जात. पुढे यंत्रमागाचे स्वस्त कापड आले आणि घरचा माग बंद पडला. शालिकराम इतवारीतल्या आरशांच्या दुकानात काचा कापायला जाऊ लागला. ज्या हातांनी जरीचा काठ उतरवला, ते हात आता न्हाव्यांच्या दुकानांचे आरसे कापू लागले. त्याने तक्रार केली नाही. मला मात्र आजही त्याचा राग येतो.

ते १९८२ साल होते. शहरात डिस्कोची साथ आली होती. मी साथच म्हणतो, कारण तिच्यातून कोणी सुटले नाही. सीताबर्डीचे शिंपी चमचमते शर्ट शिवू लागले. लग्नाच्या वरातीत बॅन्डवाले तोच ठेका वाजवू लागले. पानवाल्याकडे डिस्को पान मिळू लागले, आणि त्यात नेहमीच्या पानापेक्षा एक चेरी तेवढी जास्त असे. अशा दिवसांत सदर भागातल्या एका हॉटेलने तळघरात नाचाची जागा काढायची ठरवली. हॉटेलचे व्यवस्थापक मधुकरराव मासिकातून फाडलेले एक चित्र घेऊन आरशांच्या दुकानात आले आणि म्हणाले, "असा गोळा करून देणारा कोणी आहे का?" शालिकरामने आयुष्यात असली वस्तू पाहिली नव्हती. तो म्हणाला, "देतो न करून. मोठी गोष्ट हाय का?"

मग घरात रद्दी भिजत पडली. जनाबाईने मेथी वाटून तिच्या लगद्यात घातली, म्हणजे लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. माठावर दोन अर्धे गोळे थापून, वाळवून ते जोडले. शालिकरामने काच कापायच्या हिरकणीने आरशाचे बोटभर चौकोन कापले. तो वरून ओळी चिकटवत आला आणि जनाबाई खालून. तिच्या बोटांना इतक्या काचा लागल्या की भाकरी थापताना ती पिठात हात घालायला घाबरे.

आणि इथे त्यांची चूक झाली. एखादा मुरलेला आरसेवाला असता, तर त्याने गोळ्याच्या कमरेपासून सुरुवात केली असती. पण कोष्टी कापड विणतो ते टोकापासून. दोघे दोन टोकांकडून निघाले आणि मध्ये भेटले, तेव्हा कमरेवर एक पट्टा उघडा राहिला. एक ओळ लावली तर फट राही. दोन लावल्या तर मावत नसत. शालिकराम डोके धरून बसला.

"आता काय करू? उद्या साहेब येतीन."

जनाबाईने थोडा वेळ त्या पट्ट्याकडे पाहिले. मग म्हणाली, "काठ काहून नाही लावत? लुगड्याले काठ असते, याले काहून नसावा? करवती लावा."

करवती काठ म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी. एक त्रिकोण वर टोक करून, पुढचा खाली टोक करून. विदर्भातल्या लुगड्यांचा हा जुना मान. शालिकरामने आरशाचे त्रिकोण कापले आणि जनाबाईने माझ्या कमरेला पुरा काठ बसवला. दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी भुवया चढवल्या. चित्रात असे काही नव्हते. तेव्हा शालिकरामने खोलीची दारे लावली, बॅटरी पेटवली आणि मला दोरीला टांगून फिरवले. भिंतीवर ठिपके धावू लागले, आणि त्या ठिपक्यांच्या मधून एक दातेरी ओळ धावू लागली, वर-खाली, वर-खाली, सगळ्या खोलीला काठ लावत. मधुकररावांनी हातातले चित्र घडी करून खिशात घातले. मग म्हणाले, "याला हात लावू नका. असाच पाहिजे."

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे त्या तळघरात गेली. रविवारी दुपारी चारला नाच सुरू होई आणि सातला संपे, कारण धरमपेठेतल्या मुली घरी वाचनालयात जाते म्हणून सांगून येत आणि वाचनालय सातला बंद होई. कोपऱ्यात त्यांच्या वह्या रचलेल्या असत. मुले आरशात पाहून केस सारखे करत आणि नाचायची वेळ आली की भिंतीला चिकटत. मग गाणे लागे, मी फिरू लागे आणि काठ धावत सुटे. एकदा का तो अंगावरून गेला की भिंतीला चिकटलेले पोरगेही पुढे येई. जात, घर, बापाची नोकरी, त्या तीन तासांत कोणी काही विचारत नसे. लोक डिस्कोला थिल्लर म्हणत. म्हणोत. मी वरून पाहिले आहे, ती पोरे तिथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेत होती.

दर दसऱ्याला मधुकरराव शालिकरामला आवर्जून बोलावत. तो शिडीवर चढून मला पुसे, कमरेच्या काठाला हळदकुंकू लावी आणि झेंडूचे फूल अडकवी. कोष्टी दसऱ्याला माग पुजतो. घरी माग राहिला नव्हता, म्हणून तो मला पुजायचा. त्या आठवड्यात नाचणाऱ्यांच्या डोक्यावर एखादी पाकळी पडे आणि मुली ती वहीत ठेवत. जनाबाई मात्र कधी आली नाही. शालिकराम दर वर्षी तिला म्हणे, "एकदा चाल. गाण्यावर फिरताना पाह्यजो." ती म्हणे, "तिथं मोठ्या लोकायत मी कायले? पुढच्या दसऱ्याले पाहू." तिने मला फक्त बॅटरीच्या उजेडात फिरताना पाहिले होते.

पुढचा दसरा पुढेच सरकत गेला. डिस्कोची हवा ओसरली. ज्यांनी त्या तळघरात घाम गाळला होता, तेच लोक डिस्को म्हटले की दात काढू लागले. तळघर लग्नाच्या पंगतींना दिले आणि मला घडीच्या खुर्च्यांमागे गोणपाटात टाकले. पंचवीस वर्षे मी तिथे पडून होतो. आईने घातलेल्या मेथीमुळे उंदरांनी मला तोंड लावले नाही, नाहीतर केव्हाच भुगा झाला असता. मधुकरराव गेले. शालिकरामही गेला, हे मला फार उशिरा कळले. मग हॉटेल विकले गेले आणि मी भंगारवाल्याच्या गाडीवर बसून बाहेर आलो.

भंगारवाल्याने पुष्कर नावाच्या तरुणाला स्वच्छ सांगितले होते की हा सदरच्या जुन्या हॉटेलातला माल आहे, इथेच बनलेला आहे. पुष्कर म्हणजे या क्लबाचा मालक. डिस्को पुन्हा चालायला लागला आहे, हे त्याने बरोबर हेरले होते. पण त्याने काय केले? पाटी करून आणली. "तांडापेठ म्हटलं तर कोण येईल?" असे तो सुताराला म्हणाला आणि हसला. पिकते तिथे विकत नाही म्हणतात. पण जे विकायचे, ते दुसऱ्याच शेतात पिकले म्हणून सांगणे, याला व्यवहार म्हणत नाहीत, चोरी म्हणतात.

आता प्रणालीविषयी सांगतो. ती शालिकरामची नात. लग्नांमध्ये आणि कार्यक्रमांमध्ये दिव्यांचे काम करते आणि दर रविवारी दुपारच्या डिस्को पार्टीसाठी या क्लबात येते. पहिल्या रविवारी तिने माझ्यावर झोत सोडला, भिंतीवर काठ धावला आणि ती दिव्यांच्या कळफलकावरचा हात तसाच ठेवून उभी राहिली. लहानपणापासून आजीकडून तिने या काठाची गोष्ट ऐकली होती. तिने तिथूनच फोन लावला.

"आजी वं, आपला गोळा भेटला! काठ पळून राहिला भिंतीवर, मी पाहून राहिली!"

पलीकडून जनाबाईचा आवाज आला, "मले ने वं तिथं. मरायच्या आधी एकदा फिरताना पाहू दे."

प्रणाली पुष्करकडे गेली. तिने त्याला सगळे सांगितले आणि दोनच गोष्टी मागितल्या. आजीला एकदा आत आणू द्या, आणि पाटीवर आजोबांचे नाव लिहा. पुष्कर फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "बघू." मित्रांनो, नाही म्हणणारा माणूस परवडला. 'बघू' म्हणणाऱ्यापासून सांभाळून राहा.

त्याच आठवड्यात घरच्या मंडळींबरोबर एक वयस्क बाई क्लबात आल्या. त्यांनी पाटी वाचली, भिंतीकडे पाहिले आणि सगळ्यांसमोर खळखळून हसल्या. "न्यूयॉर्कला करवती काठ केव्हापासून निघायला लागला हो?" आजूबाजूची टेबलेही हसली. पुष्करचा चेहरा उतरला. मला वाटले, आता तरी पाटी निघेल.

पाटी नाही निघाली. गुरुवारी दुपारी एक कारागीर छिन्नी घेऊन आला आणि त्याने माझा काठ काढला.

एकेक त्रिकोण. खालून पुष्कर सांगत होता, "तो पट्टा साफ कर, तिथे सरळ चौकोन बसव. जगात सगळीकडे असतात तसे." जनाबाईच्या बोटांनी बसवलेले त्रिकोण फरशीवर पडत होते आणि केरसुणीने कचऱ्याच्या डब्यात जात होते. पंचवीस वर्षांत उंदरांनी जे केले नाही, ते या शिकलेल्या माणसाने तासाभरात केले. आणि मग खुर्चीवर बसून म्हणतो कसा, "आता कसा अस्सल दिसतोय!"

प्रणालीला यातले काही ठाऊक नव्हते. रविवारी तीनला ती आजीला घेऊन आली. जनाबाईने पेटीतले करवती काठाचे लुगडे नेसले होते. दारावर लिहिले होते, पारंपरिक पोशाखात प्रवेश नाही. दरवानाने हात आडवा केला. प्रणाली त्याच्याशी भांडली, मग पुष्करशी भांडली. शेवटी तो म्हणाला, "चारच्या आत आटपा. पाहुणे यायच्या आधी."

पाऊणशे वर्षांची माझी आई त्या गुळगुळीत फरशीवर एकेक पाऊल टाकत मधोमध येऊन उभी राहिली. तिने चष्मा पदराने पुसला. प्रणालीने दिवे घालवले, जुने गाणे लावले आणि माझ्यावर झोत सोडला.

मी फिरलो. भिंतीभर ठिपके धावले. चौकोनी, सरळ, जगात सगळीकडे असतात तसे.

जनाबाई भिंतीकडे पाहत राहिली. एका भिंतीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर तिची नजर काही शोधत होती. मी ओरडत होतो, आई, मीच आहे, मला ओळख! पण आरशाच्या ओरडण्याला आवाज नसतो. गाणे संपायच्या आधीच ती वळली.

"हा आपला नोहे वं, प्रणाली."

"आजी..."

"याले काठ कुठं हाय? बिनकाठाचा तो आपल्या घरचा कसा असन? तुले चुकून वाटलं असन, माय. आपला कुठं तरी असन अजून. चाल घरी."

प्रणालीने वर पाहिले. नव्या चौकोनांचा चकचकीत पट्टा तिला दिसला आणि सगळे कळले. खरे सांगावे, तर आजीला कळणार की तिचे काम कचऱ्यात गेले. न सांगावे, तर आजी निदान हे समजून जगेल की आपला गोळा अजून कुठे तरी धड आहे. प्रणालीने तोंड मिटले, आजीचा हात धरला आणि म्हणाली, "हो आजी. मलेच चुकीचं वाटलं." मग दिव्यांच्या खोलीची किल्ली पुष्करच्या टेबलावर आदळून ती निघून गेली. साडेचारला त्याने दुसरा माणूस आणला. पाहुणे आले, नाचले आणि माझे फोटो काढून गेले.

मी प्रणालीवर रागावलो नाही. पण तिने आजीला सांभाळले आणि मी त्या क्षणी पोरका झालो, हे खोटे नाही. ज्या बाईने मला घडवले, तिच्या लेखी मी आता कोणीतरी परका आहे. ती गेली, तेव्हा तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही. परक्याकडे कोण वळून पाहील?

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंवर प्रेम करा, वगैरे गोड गोष्टी मी तुम्हाला सांगणार नाही. प्रेम तर पुष्करही करतो, माझ्यावरची धूळ रोज झटकून घेतो. मी एवढेच मागतो. जुनी वस्तू हाती आली की आधी विचारा, ही कोणाच्या हातची? आणि तिच्यात काही वेडेवाकडे दिसले, तर ते सरळ करायच्या आधी त्या हातांच्या घरी जाऊन या. कोणी छिन्नी घेऊन निघाला असेल, तर त्याच्यासमोर उभे राहा, आरडाओरडा करा, त्याचे मनगट धरा. त्या गुरुवारी दुपारी मला ओरडायला तोंड नव्हते आणि धरायला हात नव्हते. तुम्हाला दोन्ही आहेत.