नरसाळ्यातून बोलणारी घोरपड

बंकटदादाला त्या दुपारी मला मारायचं होतं. मला म्हणजे बिजलीला, पण त्याच्या लेखी दोन्ही एकच.

बंकटदादा माझा चुलतभाऊ. लातूरला बारावीला असतो आणि तिथूनच हा खेळ शिकून आला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतंय ते तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. बाकी सगळं, डोंगर, राजे, राक्षस, एकाच माणसाच्या हातात. तो माणूस अर्थातच बंकटदादा. प्रत्येक पात्राला मोजून जीव दिलेले असतात. माझ्या बिजलीला चौदा. बिजली कोयतेवाली आहे. दादा पहिल्याच दिवशी म्हणाला होता की जादूच्या राज्यात कोयता शोभत नाही, तलवार घे. मी म्हणाले, तलवार मी आयुष्यात धरलेली नाही, कोयत्याचं मला माहीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रोज दुपारी चारला इलियासचाचांच्या गॅरेजमागच्या खोलीत खेळायचो. चाचांची अदिबा माझ्या वर्गात, दहावी ब. तिचा भाऊ जाकीर दादाच्या वयाचा. पहिले आठ दिवस मी तोंड उघडलं नाही, तोवर दादाला मी चालत होते. नवव्या दिवशी मला कंठ फुटला. राजा कर कशावर घेतो, चेटकिणीला पाणी कोण भरतं, असलं सगळं मी विचारायला लागले आणि दादाला उत्तरं सुचेनात. दहाव्या दिवशी त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, पात्र मेलं की माणूस खेळातून बाद, नवीन पात्र मिळणार नाही. दोन, उद्या त्याचा लातूरचा दोस्त गहिनीनाथ शिरूर कासारहून येणार आहे आणि तिघांच्या वर खेळाडू तो घेणार नाही. म्हणजे आज तिघांतलं कुणीतरी मरणार. कोण, हे विचारायची गरज कुणालाच नव्हती.

मग त्यानं घोरपड काढली.

ही घोरपड दोन एसटी एकापुढे एक लावल्या तर जेवढ्या होतील तेवढी लांब. गुहेच्या तोंडाशी बसलेली. जीव दोनशे. अदिबाचा बाण बसला, सहा जीव गेले. माझा कोयता बसला, तीन गेले. जाकीर लढलाच नाही, कारण सुरुवातीला दादा वही शोधत होता तेव्हा तो सहज बोलून गेला, "तवर मी झोपतो." दादाचा नियमच होता, तोंडातून निघालं ते झालं. त्यामुळे जाकीरचा सरदार गुहेबाहेर घोरत पडला होता. घोरपडीनं एकदा शेपूट फिरवलं आणि अदिबाचे दोनच जीव उरले.

मी मनातल्या मनात हिशेब केला. एकशे एक्क्याण्णव जीव, तीन-तीन करत. हे जनावर मारायला ठेवलेलंच नव्हतं. मग मारायचं कशाला? मी कोयता खाली ठेवला आणि विचारलं, हिला बोलता येतं का.

बोलायचं म्हटल्यावर दादाला मोह आवरत नाही. त्यानं शेल्फावरचं ऑइल ओतायचं नरसाळं उचललं आणि त्यातून घुमवत म्हणाला, "कोण हाय?"

मी हात जोडले. म्हणाले, आमची वाट चुकली, तुमचं सोनंनाणं आम्हाला नको, झोपमोड झाली त्याबद्दल माफी असावी. दादानं फासा टाकायला लावला. अठरा आले. अठरा म्हणजे ऐकावंच लागतं. नरसाळ्यातून रडतखडत आवाज आला, जा मग.

सुटलो. मी मान लववली आणि म्हणाले, "बरं, येते मी."

दादा हसला. नरसाळं खाली ठेवून त्यानं पेन्सिल उचलली.

"येते म्हणली. तोंडातून निघालं ते झालं. आली. थेट जबड्यात." त्यानं फासा टाकला, अकरा जीव गेले. बिजलीपुढे त्यानं तीन लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल काढला.

मी म्हणाले, निघताना जाते कोण म्हणतं? आमच्या घरी चुकून कुणी जाते म्हणालं तर आई परत बसवते, पाणी पाजते, मगच सोडते.

"घोरपडीला तुझ्या आईचे रिवाज माहीत न्हाईत," दादा म्हणाला.

"बंकट, हे लई होतंय बे," जाकीर म्हणाला. दादानं त्याला आठवण करून दिली की तो झोपलेला आहे.

अदिबानं टेबलाखालून माझा हात दाबला. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. उद्या माझ्या जागी तो गहिनीनाथ बसणार आणि मी घरी भांडी लावणार. पण रडणं गिळताना माझ्या लक्षात आलं की घोरपडीचा डाव झाला, आता डाव माझा आहे. मी काय करते हे सांगेपर्यंत घोरपडीला चावता येत नव्हतं. आणि बोलण्याला डाव लागत नव्हता.

मग मी बोलायला लागले. तेव्हा डोक्यात काहीच ठरलेलं नव्हतं, फक्त थांबायचं नव्हतं. जबड्यातूनच विचारलं, तुमचं वय किती? दादानं नरसाळ्यातून सांगितलं, हजार वर्षं. हजार वर्षं खाता काय? माणसं. मग या रानात माणूस दिसत नाही तो तुम्हीच संपवला का? आणि संपवला तर गेल्या वर्षी काय खाल्लं? पिल्लं किती? एवढं शेपूट घेऊन गुहेत वळता कसं? दात दुखतात का, मागची दाढ किडलेली दिसतेय इथून.

"काय करतीस ते सांग," दादा ओरडला.

सांगते की. पण आधी एक, सोन्यावर बसता ते टोचत नाही का? आणि तुमच्यात दिवाळीला सुट्टी असते का हो?

अदिबा तोंडावर ओढणी घेऊन हलत होती. जाकीर झोपेत हसत होता. दादाचे कान लाल झाले. पुढचा प्रश्न मी तोंडातून काढला आणि त्यानं नरसाळं असं काही तोंडाला लावलं की कडेचं काळं ऑइल गालाला लागलं.

"आता काय जीव घेतीस का माझा? घे. घे एकदाचा!"

 मी अगदी हळू म्हणाले, "घेतला."

"काय घेतला?"

"जीव. घोरपड घे म्हणली, बिजलीनं घेतला. तोंडातून निघालं ते झालं."

दादा उभाच राहिला. म्हणाला, ती बोलायची पद्धत असते, वैतागून माणूस म्हणतो, तेवढ्यानं कुणी मरतं का? आणि ते घोरपड बोलली नाही, तो स्वतः बोलला. अदिबानं नरसाळ्याकडे बोट दाखवलं. त्याच्या गालाकडेही.

"दादा, मीबी तसंच म्हणलं होतं," मी म्हणाले. "बोलायची पद्धत. आता दोन्ही धर, न्हाईतर दोन्ही सोड. दोन्ही धरलंस तर तुझी घोरपड मेली. सोडलंस तर मी जबड्यात आलेच न्हाई, बाहेर उभी हाय, चौदा जीव घेऊन. कोणतं पायजे?"

तो वहीकडे बघत राहिला. त्या वहीत घोरपडीचं चित्र होतं, पानभर, एकेक खवला वेगळा काढलेला. त्यावर त्याची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली होती. मला बाद करायचं तर घोरपड द्यावी लागणार होती, आणि घोरपड दिली तरी मी जिवंतच. त्याला हे कळायला थोडा वेळ लागला. मला फार आधी कळलं होतं आणि मी ते चेहऱ्यावर दिसू देत होते.

"दोन्ही सोडलं," तो दात खाऊन म्हणाला.

"मग मी पण जागा," जाकीर म्हणाला.

दादानं तीन खोडून चौदा लिहिलं. इतकं दाबून की टोक मोडलं आणि कागद फाटला. आम्ही तिघं गुहेकडे पाठ न करता मागं मागं सरकत डोंगर उतरलो. घोरपड तिथंच बसली आहे, एकशे एक्क्याण्णव जीव घेऊन.

फासे पिशवीत भरताना दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "गहिन्याला नको म्हणून कळवावं लागंल आता, तुझ्यापायी. उद्या बघतो तुला, सत्ये."

"बघ," मी म्हणाले. "चारलाच ना?"

 पिशवी लातूरच्या बॅगेत न टाकता त्यानं चाचांच्या शेल्फावर ठेवली.