पुराव्यादाखल जमा केलेली डावी स्की

मी एक स्की बोलतेय. बर्फावरून घसरायला बुटांखाली ज्या दोन लांब पट्ट्या लावतात, त्यांतली डावी. सध्या नाशिकमधल्या एका सरकारी कार्यालयात, लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभी आहे. माझ्या गळ्यात सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय आणि त्यावर आवक क्रमांक टाकलाय. तुम्ही कोण, इथे कशाला आलात आणि माझं ऐकून घेण्यात तुमचा काय फायदा, हे मला ठाऊक नाही. तरीही सांगते, कारण दुसरं कुणी विचारत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवते. त्यात माझा दोष नाही. बर्फ वरून सगळीकडे सारखाच पांढरा दिसतो. त्याच्याखाली कुठे काचेसारखा कडक थर असतो, कुठे नुसता भुसा, कुठे दगड. त्याच्या दिसण्यावर विश्वास ठेवणारी स्की पहिल्याच वळणावर आपल्या माणसाला तोंडघशी पाडते. मी कुणाला पाडलेलं नाही. निदान माझ्या चुकीमुळे तरी नाही.

माझा जन्म ऑस्ट्रियातल्या एका कारखान्यातला. आत लाकूड, वरखाली धातूचे पातळ थर, पोटाला काळं गुळगुळीत प्लास्टिक आणि दोन्ही कडांना पोलादाची बारीक पट्टी. वळताना ही कडच बर्फात रुतते. ती बोथट झाली की स्कीची फळी होते. माझ्याबरोबर उजवी जन्मली. आम्ही अगदी सारख्या आहोत, डावी-उजवी हे माणसांनी नंतर ठरवलं. तरी उजवी माझ्यापेक्षा कमी राबते आणि कौतुक मात्र निम्मं घेते, असा मला पहिल्यापासून वहीम आहे.

पहिला मालक आम्हाला गुलमर्गला घेऊन आला आणि आठवड्यात गुडघा दुखावून तिथल्याच भाड्याच्या दुकानात विकून गेला. तिथे चार हिवाळे काढले. रोज नवा पाय. आम्ही शर्यतीच्या स्की, अंगाने ताठ. नवशिक्याच्या पायाखाली काही केल्या वळायच्या नाहीत. तो पडायचा आणि दुकानात येऊन तक्रार आमची करायचा. बरेचजण तर आम्हाला पायात अडकवून नुसते फोटो काढून घ्यायचे. माणसांबद्दल माझं जे मत झालं ते तिथे झालं.

मग तेजल आली. तेजल पगारे, कॉलेजच्या एनसीसीतून शिबिराला आलेली. दुकानदाराने गाव विचारलं, तिने नाशिक सांगितलं आणि तो हसला. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. पण या मुलीने उतारावर जाताच खाली झेप घेतली नाही. आधी काठीने बर्फ टोचून बघितला, चार पावलं सरकून पुन्हा टोचला, मग आमच्यावर वजन टाकलं. तिचाही बर्फावर विश्वास नव्हता. मला ती तिथेच आवडली.

पुढच्या वर्षी येऊन तिने हीच जोडी मागितली. त्याच्या पुढच्या वर्षी दुकानदाराने कंटाळून आम्हाला तिच्या हवाली केलं. डावी कोणती ते कळावं म्हणून तिने माझ्या पाठीवर मार्करने ‘डा’ लिहिलं. तिच्या आईने, सुलाबाईने, रेक्झिनची लांब पिशवी शिवून दिली होती. नाशिकरोड स्टेशनवर पोलिसाने ती उघडायला लावली आणि आत हत्यार नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

सातपूरच्या त्यांच्या घरात पलंगाखाली आमची जागा झाली. कॉलनीतल्या लोकांना आमचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. पडद्याच्या पट्ट्या का, असं एकीने विचारलं. पोरगी दरवर्षी काश्मीरला जाते ती खेळायलाच जाते कशावरून, असं दुसरीने विचारलं, तेही सुलाबाईच्या तोंडावर. त्यानंतर सुलाबाई त्या बाईच्या घरी हळदीकुंकवालाही गेली नाही आणि बारशालाही गेली नाही.

तेजलचा बाप सहादू. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, हत्यारांना धार लावण्यात त्याची तीस वर्षं गेली. बर्फ त्याने जन्मात पाहिला नव्हता. पहिल्यांदा तो कानस घेऊन माझ्याजवळ बसला तेव्हा माझी खात्री झाली की हा मला भंगारात घालणार. त्याने चष्मा लावला, व्हर्नियर या बारीक मापाच्या पट्टीने माझी कड मोजली आणि तेजलला एवढंच विचारलं, किती अंश? ती म्हणाली, सत्त्याऐंशी. मग भंगारातल्या तुकड्यांचा एक ठोकळा बनवून त्याने कानस त्यात तिरकी बसवली आणि शेंडा व शेपटी सोडून माझी कड अशी काही घासली की नखावर ओढली तर नखाची पांढरी साल निघावी. ऑस्ट्रियातही मला कुणी असा हात लावला नव्हता. तरी मी दरवेळी धास्तावूनच असायचे.

उन्हाळा-पावसाळ्यात तेजल चाकांचे बूट घालून गंगापूर धरणाच्या रस्त्यावरच्या उतारावर पहाटे सराव करायची. पाण्याच्या बाटल्या मांडायची आणि त्यांच्यामधून वळणं घ्यायची. हिवाळ्यात आम्ही निघायचो. आमची शर्यत सोपी सांगायची तर उतारावर झेंड्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात, प्रत्येक जोडीमधून जायचं, एकही चुकवायची नाही, आणि दोन फेऱ्यांची वेळ मिळून ज्याची कमी तो जिंकला. उजव्या वळणावर सगळा भार माझ्यावर येतो. राष्ट्रीय स्पर्धेत तेजल पहिली आली तेव्हा पंचांनी घड्याळ दोनदा तपासलं. नाशिकची मुलगी पहाडातल्या मुलींच्या पुढे कशी, हे त्यांच्या गळी उतरेना. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा पहिली आली, तेव्हा घड्याळ सोडून आम्हालाच तपासायला घेतलं. लांबी मोजली, जाडी मोजली, आणि काही खोट नाही म्हणून दोघींच्या पाठीवर एकेक चिठ्ठी चिकटवली. ती चिठ्ठी मी दागिन्यासारखी मिरवली.

आता मुद्द्याचं. तेजलला खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी लिपिकाची नोकरी लागत होती. नोकरी तिला हवी होती ती मुख्यतः एका गोष्टीसाठी. सरकारी खेळाडूला स्पर्धेसाठी हक्काची रजा मिळते. ती मिळाली तर तिला अजून पाच-सात वर्षं शर्यती करता येणार होत्या. नाही मिळाली तर घरचे लग्नाचं बघणारच होते. फक्त प्रमाणपत्र खरं असल्याची पडताळणी महिन्याच्या आत व्हायला हवी होती. पडताळणी अधिकारी होते देवरे साहेब, नामपूरकडचे. खोटी प्रमाणपत्रं आणणाऱ्यांमुळे या माणसाचे हात चांगलेच पोळलेले. त्यांनी पत्र पाठवलं: खेळाच्या साहित्यासह समक्ष हजर राहावे.

आदल्या दिवशी तेजल कागदांच्या झेरॉक्स काढायला बाहेर गेली होती. सहादूने सुट्टी टाकली होती. त्याने आम्हा दोघींना पलंगाखालून काढलं आणि कामाला लागला. कारखान्यात तपासणीला वस्तू न्यायची तर ती घासून, पुसून, तेल लावून न्यायची, अशी त्याला तीस वर्षांची सवय. झेंड्यांच्या दांड्यांनी माझ्या पाठीवर उठवलेले वळ त्याने पॉलिशने घालवले. पोटावरचे दगडांचे ओरखडे मेण भरून बुजवले. मार्करचा ‘डा’ स्पिरिटने पुसला आणि पंचांची चिठ्ठी कोमट पाण्याने अलगद सोडवून टाकली. मी ओरडत होते, पण माझं ओरडणं माणसांना ऐकू जात नाही. संध्याकाळी तेजल आली तेव्हा आम्ही पिशवीत बंद होतो.

दुसऱ्या दिवशी बापलेकींनी देवरे साहेबांच्या टेबलावर पिशवी उघडली. तेजलने माझ्या पाठीवर ‘डा’ शोधला, मग चिठ्ठी शोधली. साहेबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, पोटावरून फिरवला आणि खुर्चीत मागे रेलले. बर्फ त्यांनी फक्त रसवंतीत बघितला होता, पण नवी वस्तू त्यांना कळत होती.

“ही तर कोरी करकरीत आहे. काल आणली का परवा?”

तेजलने पदकं दाखवली, फोटो दाखवले. पदकं बाजारात मिळतात आणि फोटोत गॉगलमागे कोण आहे ते दिसत नाही, असं साहेब म्हणाले. तिथल्या गोदावरी मॅडमनी नकाराचा छापील कागद काढूनही ठेवला. तेजल बापाकडे बघत होती.

सहादूच्या तेव्हा लक्षात आलं की आपण काय करून बसलो. तो उठला. शर्टाच्या खिशातून त्याने व्हर्नियर काढलं.

“साहेब, चूक माझी आहे. इन्स्पेक्शनला जॉब साफ करून नेतात, म्हणून मी साफ केला. पण घासून गेलेलं पोलाद मला परत आणता येत नाय. मोजून बघा.”

त्याने माझा शेंडा मोजून दाखवला. तिथे धार लावतच नाहीत, म्हणून कड कारखान्यातून आली तेवढीच, दोन मिलिमीटर. मग बुटाच्या जागेजवळ मोजली. एका मिलिमीटरलाही थोडी कमी. दर शर्यतीआधी कानस लागून लागून माझी निम्मी कड गेली होती, आणि हे मलाही तेव्हाच कळलं. साहेबांनी आधी व्हर्नियरकडे संशयाने बघितलं, मग स्वतःचा अंगठा माझ्या कडेवरून शेंड्यापासून मध्यापर्यंत नेला. पुन्हा नेला.

“विळा,” ते म्हणाले. “आमच्या आईचा कांदे कापायचा विळा असाच पोटात झिजला होता.”

त्यांनी नकाराचा कागद बाजूला सारला. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात ते म्हणाले, “माझी खात्री पटली. पण माझी खात्री फाइलला लावता येत नाही. वर समिती आहे. ही वस्तू पुराव्यादाखल जमा करा, मी आजच तात्पुरती मंजुरी देतो.” दोन्ही ठेवायला जागा नव्हती म्हणून एकच. ती मी.

तेजलने सांगितलं की फेब्रुवारीत स्पर्धा आहे आणि एका स्कीवर ती खेळता येत नाही. साहेबांनी तेही ऐकून घेतलं. मग घेऊन जा, म्हणाले. प्रकरण प्रलंबित राहील. महिना संपायला चार दिवस होते.

तेजल मला धरून उभी राहिली. ती मला सोडणार अशी शंका मला चार वर्षं होती, पण असं सोडेल असं वाटलं नव्हतं. शेवटी ती “ठेवा” म्हणाली आणि पोचपावतीवर सही केली. सहादूने डबीतलं ग्रीस काढलं, माझ्या दोन्ही कडांना बोटाने लावलं आणि नाथा शिपायाला बजावलं की फरशी पुसताना हिच्यापाशी पाणी येऊ देऊ नको. या माणसाच्या हातावर मी इतके दिवस संशय घेतला, याची मला लाज वाटली.

तेजल नोकरीला लागली. फेब्रुवारीत तिला रजा मिळाली आणि ती भाड्याच्या स्कीवर खेळली. तिसरी आली, असं गोदावरी मॅडमनी पेपरात वाचून सगळ्यांना सांगितलं. ती दर महिन्याला अर्ज घेऊन इथे यायची. समितीची बैठक झालेली नाही, हे एकच उत्तर. गेल्या महिन्यात आली नाही. कंटाळली असेल, किंवा नवी जोडी घेतली असेल. मला काय काय वाटतं ते सांगण्यासारखं नाही.

पण गोष्ट तेवढीच असती तर मी गप्प बसले असते. देवरे साहेबांना माझी चटक लागलीय. कुणी खेळाडू आला की मला कपाटामागून काढतात, त्याचा हात माझ्या कडेवर ठेवतात आणि म्हणतात, खरा खेळ असा झिजतो, तुझं दाखव. मग ज्याचं सामान झिजलेलं नाही तो खोटा. परवा नांदगावची पिंकी आली होती, धनुर्विद्येची. तिचं जुनं धनुष्य तडकलं म्हणून क्लबने नवं दिलेलं. बोटांवरचे घट्टे ती दाखवत होती, पण साहेबांनी तिच्या बोटांकडे बघितलंच नाही. त्यांतलंच एक बोट धरून माझ्या कडेवर दाबलं. ते कापलं. तिने हात मागे घेतला, ओढणीत गुंडाळला आणि नकाराचा कागद घेऊन निघून गेली. ती खरी होती. माणूस आपलं वजन कसं टाकतो ते मला कळतं, आणि त्या मुलीचं बोट खोटं बोलत नव्हतं.

बर्फावर मी संशय घेतला तो एका मुलीला उभं ठेवण्यासाठी. इथे माझ्या अंगावर दुसऱ्या मुलीचं रक्त आहे आणि ते पुसायचं कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. तेजल, जमलं तर मला घेऊन जा. नाही जमलं तर पुन्हा बर्फावर जायचा माझा हट्टही नाही. सहादूला तेवढं पाठव. त्याला म्हणावं, कानस घेऊन ये आणि माझी धार मोडून जा.